कॅप्स लॉक हटाव!

मंडळी, आज जरा आपल्या डाव्या करंगळीच्या हक्कांबद्दल बोलू.

हात कीबोर्डवर ठेवा, टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवतात तसे. डावी करंगळी 'ए'वर येईल. आता ती जेमतेम पाऊण इंच डावीकडे सरकवा. काय लागलं बोटाला? एक मोठं, रुंद, साध्या अक्षराच्या बटणाच्या जवळजवळ पावणेदोनपट लांब बटण. नाव कॅप्स लॉक. आता प्रामाणिकपणे सांगा, गेल्या आठवड्यात हे बटण तुम्ही मुद्दाम, ठरवून किती वेळा दाबलंत? आणि चुकून किती वेळा दाबलं गेलं?

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

कीबोर्डवर जागेचे भाव मुंबईसारखेच असतात. बोटं जिथे विसावलेली असतात ती मधली रांग म्हणजे दादर. तिथून जितकं लांब जाल तितकी जागा स्वस्त. एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह म्हणजे थेट कर्जत-कसारा. आणि या दादरमध्ये, स्टेशनला लागून, पागडीवर बसलेला एक भाडेकरू आहे. भाडं नाही, काम नाही, वर येणाऱ्याजाणाऱ्याला त्रास. त्याला कोणी उठवत नाही कारण "ते पहिल्यापासून तिथेच राहतात हो". आणि दिवसातून शेकडो वेळा लागणारा कंट्रोल? तो बिचारा खाली कोपऱ्यात. कॉपी करा, पेस्ट करा, सेव्ह करा, अनडू करा, प्रत्येक वेळी करंगळी मुडपून खाली न्यायची, मनगट वाकवायचं. दिवसभर. वर्षानुवर्षं. मग चाळिशीच्या आत मनगटाला पट्टा बांधून फिरायचं.

ही व्यवस्था कोणी शास्त्रशुद्ध विचार करून केली असेल असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका.

१८७४ साली रेमिंग्टनने शोल्स आणि ग्लिडन यांचा टाइपरायटर बाजारात आणला तेव्हा त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. १८७८च्या रेमिंग्टन नंबर २मध्ये लहान अक्षरं आली आणि त्यांच्यासोबत शिफ्ट की आली. शिफ्ट म्हणजे शब्दशः शिफ्ट. बटण दाबलं की यंत्राचा एक अख्खा जड भाग जागचा हलायचा, आणि त्याच खिळ्याचं दुसरं अक्षर कागदावर उमटायचं. हे वजन करंगळीने उचलायचं. एक अक्षर ठीक आहे हो, पण अख्खं शीर्षक कॅपिटलमध्ये काढायचं तर? टाइपरायटरवर बोल्ड नव्हतं, फॉण्ट मोठा करायची सोय नव्हती. एखादी गोष्ट ठसवायची तर दोनच मार्ग, कॅपिटल अक्षरं नाहीतर खाली रेघ. म्हणून मग शिफ्ट खाली अडकवून ठेवणारी कडी आली, शिफ्ट लॉक. त्या काळी ती अतिशय शहाणपणाची सोय होती. माझं त्या माणसांशी काही भांडण नाही.

भांडण पुढच्या लोकांशी आहे.

कारण कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर ही कडी या जागी यायलाच हवी होती असं नाही. ७०च्या दशकातलं एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं. त्यावर 'ए'च्या शेजारी कंट्रोल होता आणि आज जिथे टॅब आहे तिथे एस्केप. बिल जॉयने 'व्हीआय' हा एडिटर याच टर्मिनलवर लिहिला. व्हीआयमध्ये ऊठसूट एस्केप का दाबावं लागतं हा प्रश्न नव्या पोरांना पडतो, त्याचं उत्तर हे आहे. तेव्हा एस्केप करंगळीच्या टप्प्यात होता! तो कीबोर्डच्या टोकाला गेला त्यात एडिटरचा काय दोष?

बरं, ते राहू दे. १९८१चा पहिला आयबीएम पीसी घ्या. त्याच्या ८३ बटणांच्या कीबोर्डवरसुद्धा 'ए'च्या डावीकडे कंट्रोलच होता. कॅप्स लॉक खाली, स्पेस बारच्या उजवीकडे, जिथे असायला हवा तिथे. अडगळीत. मग ८०च्या दशकाच्या मध्यावर आयबीएमने १०१ बटणांचा नवा कीबोर्ड आणला. त्यात कॅप्स लॉक आला टाइपरायटरवरच्या आपल्या जुन्या जागी, आणि कंट्रोल गेला खाली कोपऱ्यात. आयबीएमच्याच इलेक्ट्रिक टाइपरायटरवर हात बसलेल्या टायपिस्टना परकं वाटू नये, असा तो मामला होता. बाकीच्या कंपन्यांनी हाच कीबोर्ड उचलला, आणि आज तुमच्या मांडीवर जो लॅपटॉप आहे त्यावर त्याचीच नक्कल आहे.

म्हणजे थोडक्यात काय, तर आपण ज्यांना कधी भेटलो नाही अशा टायपिस्टांच्या सोयीसाठी आपण आपली करंगळी वाकवतोय. गोदरेजने १९५५मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली होती. तो कारखाना बंद होऊनही आता दशकाहून जास्त काळ लोटला. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट सोडले तर ते यंत्र आता जुन्या बाजारात नाहीतर कॅफेच्या शोकेसमध्ये. पण त्याची कडी मात्र आपल्या लाखाच्या लॅपटॉपवर शाबूत आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा असा.

आणि नुसता अडगळ असता तरी चाललं असतं. हा भाडेकरू उपद्रवी आहे. शिफ्ट किंवा 'ए' दाबताना करंगळी घसरली की हा चालू. पासवर्ड टाकताना काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ठिपक्यांखाली काही दिसत नाही, तीन वेळा चुकलं की अकाउंट लॉक आणि हेल्पडेस्कपुढे हात जोडून उभं राहायचं. विममध्ये तर अजून मजा. खाली जायला 'जे' दाबायचा, कॅप्स लॉक चालू असेल तर दोन ओळी एकमेकींना चिकटतात. तुम्ही खाली जातोय समजून पाच वेळा दाबता आणि फाइलमध्ये खिचडी.

गंमत म्हणजे हा त्रास बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पासवर्डच्या चौकटीशेजारी "कॅप्स लॉक चालू आहे" असा इशारा येतो. विचार करा, दुसऱ्या कुठल्या बटणासाठी अशी धोक्याची पाटी लावावी लागते? ॲपलने तर आपल्या कीबोर्डवर कॅप्स लॉकला मुद्दाम किंचित उशिरा जागं व्हायला शिकवलंय. ओझरता धक्का लागला तर तो दुर्लक्ष करतो. म्हणजे बटण चुकून दाबलं जातं हे मान्य, त्यासाठी वेगळा बंदोबस्त मान्य, पण बटण हलवायचं मात्र नाही! आपल्याकडे खड्डा बुजवण्याऐवजी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवतात, तसलाच प्रकार.

ज्यांनी हलवलं त्यांचं काय बिघडलं? जपानमध्ये एइइचि वादा या संगणकशास्त्रज्ञाच्या कल्पनेतून १९९६मध्ये 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' आला, त्यात 'ए'शेजारी कंट्रोल आहे. तो आजही विकला जातो. २००६मध्ये आलेल्या कोलमॅक या अक्षररचनेत त्या जागी बॅकस्पेस आहे. गूगलने २०१०च्या डिसेंबरात पहिलं क्रोमबुक दाखवलं तेव्हा कॅप्स लॉक काढून तिथे सर्चचं बटण बसवलं, आणि क्रोमबुकवर कॅप्स लॉकशिवाय आज शाळेतली पोरं मजेत टाइप करतात. आणि सगळ्यात मोठा पुरावा तर तुमच्या खिशात आहे. फोनच्या कीबोर्डवर कॅप्स लॉकचं वेगळं बटण असतं का? नाही. शिफ्ट दोनदा टॅप करायचं, झालं. या कारणासाठी कोणी मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ. हे मी कॅन्टीनमध्ये इतक्या वेळा ऐकलेत की पाठ झालेत.

"एसक्यूएल कॅपिटलमध्ये लिहावं लागतं." लागत नाही. डेटाबेसला 'सिलेक्ट' लहान लिहिलंत की मोठं याने काडीचा फरक पडत नाही. टीमचा नियम असेल तर फॉरमॅटर आहे. कॉन्स्टंटचं नाव कॅपिटलमध्ये हवं तर एकदा शिफ्ट धरून लिहा, पुढे एडिटर स्वतः सुचवतो. वर्डमध्येसुद्धा शब्द निवडून शिफ्ट आणि एफ-थ्री दाबलं की लहानाचं मोठं होतं. कितीजणांना माहीत होतं?

"पण काही लोकांना खरंच लागतो." हा आक्षेप मात्र खरा आहे. दिवसभर कॅपिटलमध्ये फॉर्म भरणारे डेटा एंट्रीवाले, ड्रॉइंगवर सूचना लिहिणारे ड्राफ्ट्समन, एका हाताने टाइप करणारी माणसं, यांना शिफ्ट धरून ठेवणं जाचक आहे. त्यांनी जरूर ठेवावा. मी कॅप्स लॉकच्या फाशीची मागणी करत नाहीये, पुनर्वसनाची करतोय. ज्याला लागतो त्याने ठेवावा, आणि बाकीच्यांनी निव्वळ आळसापोटी ठेवू नये, एवढंच.

"दुसऱ्याच्या मशीनवर गोंधळ होईल." होईल. महिन्यातून दोनदा. आणि तो गोंधळ म्हणजे काय, तर कॉपी करायला जाल आणि एक मोठा 'सी' उमटेल. लगेच दिसेल, लगेच पुसाल. महिन्यातल्या दोन मोठ्या 'सी'साठी रोजची करंगळी गहाण ठेवायची?

"कंपनीच्या लॅपटॉपवर करू देत नाहीत." हा माझाही आवडता विषय! एका जुन्या कंपनीत मी यासाठी रीतसर तिकीट टाकलं होतं. फॉर्ममध्ये 'बिझनेस इम्पॅक्ट' असा रकाना. मी मनगटाबद्दल चार ओळी लिहिल्या. तीन दिवसांनी तिकीट बंद, शेरा: 'आवश्यकता नाही'. माझ्या मनगटाची आवश्यकता तिसऱ्या मजल्यावरचा माणूस ठरवणार. पण म्हणून विचारूच नये असं थोडंच आहे? दहाजणांनी तिकीट टाकलं की अकराव्याला उत्तर बदलून मिळतं, हा सगळ्या कंपन्यांचा नियम आहे.

"सवय झालीये रे." हा शेवटचा आक्षेप आणि हाच खरा. बाकीचे सगळे याचेच अवतार. यावर मला जरा चिडायचंय.

आपण कोण? इंजिनिअर. आपलं पोट कशावर चालतं? "हे असंच का?" या प्रश्नावर. दुसऱ्याच्या सिस्टिममधला वीस वर्षं जुना मोड्यूल पाहिला की आपण नाकं मुरडतो, 'लेगसी' म्हणतो, रिफॅक्टरिंगचे प्लॅन मांडतो. आणि स्वतःच्या बोटांखाली दीडशे वर्षांपूर्वीची लेगसी आहे, ती बदलायला दोन मिनिटं लागतात, एक ओळ कोड लिहावा लागत नाही, तिथे मात्र "चाललंय ना, कशाला हात लावा." डिफॉल्ट म्हणजे देवाची आज्ञा नव्हे. कुठल्यातरी मीटिंगमध्ये कोणीतरी घेतलेला निर्णय असतो तो. तुम्ही त्या मीटिंगला नव्हता.

आणि अशा मीटिंग आजही होतात बरं का. मायक्रोसॉफ्टने १९९४मध्ये आपल्या नॅचरल कीबोर्डवर विंडोज की आणली. जवळजवळ तीस वर्षांनी, जानेवारी २०२४मध्ये, त्यांनी नवं बटण जाहीर केलं: कोपायलट. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर त्यासाठी उजव्या कंट्रोलचा बळी गेला. तुम्हाला विचारलं होतं का? मला तर नाही. म्हणजे कीबोर्ड पवित्र आहे, त्याला हात लावायचा नाही, हे सगळं आपल्यापुरतं. त्यांना काही खपवायचं असेल तेव्हा जागा निघते. मग आपल्याला काम करायचं असेल तेव्हा का निघू नये?

बरं, मग त्या जागी काय आणायचं? सर्वसाधारण सल्ला: कंट्रोल. विमवाल्यांनी एस्केप. हे जगभरचे प्रोग्रामर वर्षानुवर्षं करत आलेत, त्यात माझं श्रेय शून्य. पण तुम्ही-मी मराठी लिहिणारी माणसं आहोत. म्हणून माझी शिफारस वेगळी आहे: तिथे भाषा बदलायचं बटण बसवा.

का ते सांगतो. देवनागरीत कॅपिटल अक्षर हा प्रकारच नाही. नावाला नाही, वाक्याच्या सुरुवातीला नाही, कुठेच नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट लागते, 'क'च्या बटणावर शिफ्ट धरून 'ख' आणि 'त'च्या बटणावर 'थ', पण ती एका अक्षरापुरती. सलग ख-थ-फ-ढ लिहायची वेळ कोणावर येत नाही. म्हणजे आपल्या लिपीत जी कल्पनाच अस्तित्वात नाही, तिच्यासाठी आपण दादरची जागा राखून ठेवलीये. आणि जी गोष्ट आपल्याला मिनिटाला चारदा लागते, म्हणजे मराठीतून इंग्रजीत आणि परत, त्यासाठी दोन बटणांचा द्राविडी प्राणायाम.

आपलं रोजचं वाक्य बघा. "काल रात्रीचं डिप्लॉयमेंट फेल झालं, लॉग बघून सांग." यात एखादं फाइलचं नाव किंवा कमांड रोमनमध्ये टाकायची म्हटली की भाषा बदला, लिहा, परत बदला, आता कुठल्या भाषेत आहोत ते स्क्रीनच्या कोपऱ्यात बघा. दोनदा केलं की माणूस कंटाळतो आणि अख्खं वाक्य रोमनमध्ये ठोकतो. आपल्या ऑफिसच्या चॅटमध्ये मराठी रोमन लिपीत का असते? प्रेम कमी पडतं म्हणून नाही. दोन बटणं जास्त दाबावी लागतात म्हणून. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, १९९१पासून आहे. इनस्क्रिप्टही त्याच वर्षी भारतीय मानक म्हणून आलं. ते शिकायचं नसेल तर २०१९पासून विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आयता मिळतो. तंत्रज्ञान कधीचं तयार आहे. अडलंय ते दारातल्या उंबरठ्यावर.

आणि रोमन मराठीची किंमत आपण मोजतोच. 'के-ए-एल' एवढी तीन अक्षरं आली, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? काल? काळ? कल? की कळ? चार मित्रांच्या गप्पांत चालतं. पण आईला पाठवलेल्या औषधाच्या सूचनेत, बिल्डिंगच्या नोटिशीत, गावच्या जमिनीबद्दल काकांना लिहिलेल्या मेलमध्ये वाचणाऱ्याला प्रत्येक शब्दाशी झटापट करावी लागते. ज्यांची इंग्रजी लिपी कच्ची आहे त्यांना तर आपण सरळ दाराबाहेर उभं करतो, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच घरची माणसं असतात. एका बटणाने मराठी वाचेल असं मी म्हणत नाही. मराठी वाचवायची भाषणं करणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं साधं आहे: जे काम सोपं असतं ते माणसं करतात, जे किचकट असतं ते टाळतात. सोपं करून बघा.

कसं करायचं? मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'इनपुट सोर्सेस'मध्ये जा. कॅप्स लॉकने इंग्रजी आणि दुसरी भाषा बदलायचा पर्याय आयताच आहे, खूण करा, संपलं. आणि खरा कॅप्स लॉक हवाच असेल तर तेच बटण जरा दाबून धरायचं, म्हणजे साप मरतो आणि काठीही तुटत नाही. त्याच सेटिंगमध्ये 'मॉडिफायर कीज'मध्ये गेलात तर कंट्रोल किंवा एस्केप बसवता येतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचंच फुकट 'पॉवरटॉइज' घ्या, त्यातल्या 'कीबोर्ड मॅनेजर'मध्ये कॅप्स लॉकला विंडोज-स्पेस ही जोडी नेमून द्या. हे ॲप पाठीमागे चालू असावं लागतं आणि लॉगिनच्या स्क्रीनवर त्याचा उपयोग नाही, एवढं लक्षात ठेवा. लिनक्सवर ग्नोम असेल तर 'ट्वीक्स'मध्ये, केडीई असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये कॅप्स लॉकसाठी तयार पर्यायांची अख्खी यादी आहे. लिनक्सवाल्यांना याहून जास्त सांगणं म्हणजे त्यांचा अपमान.

पहिले दोन-तीन दिवस हात अडखळेल. आठवड्याभरात करंगळी आपोआप जाईल. त्यानंतर कोणाच्या तरी लॅपटॉपवर बसाल, सवयीने ते बटण दाबाल आणि हिरवा दिवा लागेल, तेव्हा मनातल्या मनात एक शिवी हासडाल. झालं, आमच्या पक्षात तुमचं स्वागत.

असो. रविवार आहे, दोन मिनिटं काढा. पागडीचा कायदा बदलायला सरकार लागतं, इथे मालक तुम्हीच आहात.